अण्णांचा शिक्का

मोटरसायकलचा पार्ट ओरिजिनल की लोकल, हे ओळखायला मला अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. म्हैसूरजवळ मेटगळ्ळीच्या मोटरसायकल कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. संध्याकाळी अग्रहारातल्या आमच्या घरी आले, की हातपाय धुऊन मागच्या पायरीवर बसायचे. आई कॉफी आणून द्यायची, आणि कॉफी अर्धी झाली की आईच्या दुकानातून आलेले दोन पार्ट रुमालातून बाहेर निघायचे. दिसायला अगदी जुळे. "पुट्टी, सांग बघू, यातला आपला कुठला?" पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये लहान मुलगी. मी कॉलेजात जायला लागले, माझी उंची आईच्या वर गेली, तरी त्या घरात मला सुधा म्हणून कुणी हाक मारली नाही.

पहिल्या पहिल्यांदा मी चकचकीत दिसेल तो उचलायची आणि हमखास चुकायची. अण्णा हसायचे नाहीत. "डोळ्यानं नंतर. आधी हातात घे," म्हणायचे. मग हळूहळू कळायला लागलं. लोकलवाले खऱ्या पार्टवरूनच साचा करतात, आणि ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल नेहमी केसभर लहान निघते. अक्षरांच्या कडा बोथट होतात. आटे जिथं सुरू होतात तिथली धार लोकलमध्ये बोटाला लागते, ओरिजिनलमध्ये ती घासून घेतलेली असते. वासावरूनही कळायचं. कारखान्यातून येणाऱ्या पार्टला मेणकागद आणि ग्रीस यांचा मिळून एक गोडसर वास असे. आई म्हणायची, घरात मुलगी वाढवताय की मेकॅनिक, पण हे ती पार्टांवरची धूळ पुसता पुसताच म्हणायची. दुकान तिचंच होतं. मंडी मोहल्ल्यात तिच्या वडिलांचं सुट्या भागांचं दुकान, भाऊ कुणी नाही, म्हणून ते तिच्याकडे आलं. सकाळी सारू-भात करून, डबे भरून ती दुकान उघडायला जायची, आणि गिऱ्हाइकाला लोकल माल देताना "हे लोकल आहे बरं का, कण्री" असं आधी सांगून मग द्यायची. लोकल विकण्यात तिला कमीपणा वाटत नसे. सगळ्यांना सगळं ओरिजिनल कुठून मिळणार? फक्त एकाला दुसऱ्याचं नाव द्यायचं नाही, एवढंच.

आता या वयात मला फोनवर फोटो येतात. जुन्या गाड्या जमवणारी मुलं, बरीचशी संगणकाच्या नोकरीसाठी इकडं आलेली. परवा एका पुण्याच्या मुलानं क्लच कव्हरचा फोटो पाठवला आणि फोनवर म्हणाला, "काकू, घाई नाही, सावकाश सांगा." मी म्हटलं, "स्वल्प थांब रे, चष्मा घेते." तो मनापासून हसला. म्हणाला, "तुमचं मराठी फार वेगळं आहे." आमचं मराठी असंच. घरात बोलायचं आणि उंबऱ्याबाहेर कन्नडमध्ये विरघळायचं. ते राहू दे.

त्या कारखान्यानं दोन सिलिंडरची एक गाडी काढली होती. तिला आमच्याकडे सगळे 'डबल' म्हणायचे. महाग होती, पेट्रोल पीत होती, त्यामुळं ती फार निघालीच नाही आणि लवकर बंदही झाली. पण ज्यांनी घेतली त्यांनी ती जिवापाड सांभाळली. आमच्याकडेही एक होती. रविवारी अण्णा तिला अंघोळ घालावी तसं धुवायचे आणि मला मागं बसवून नंजनगूडला देवाला न्यायचे. येताना रसबाळे केळ्यांचा एक घड माझ्या मांडीवर, दोन्ही सायलेन्सरचा तो घुमणारा आवाज, आणि रस्त्यात कुठं दुसरी डबल समोरून आली की दोन्ही चालक हात वर करायचे. जिल्ह्यातल्या डबलवाल्यांना अण्णा नावानं ओळखत असत, आणि ते सगळे कधी ना कधी आईच्या दुकानात आलेले असत.

मग कारखाना बंद पडला. का पडला, त्याची कारणं लोक अजून चहाच्या टपरीवर सांगतात, मला त्यात शिरायचं नाही. मला आठवतात ते अण्णा. सकाळी उठून ते नेहमीसारखी दाढी करायचे, खाकी शर्ट इस्त्री करून घालायचे आणि कारखान्याची बस जिथं थांबायची त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. परत आल्यावर व्हरांड्यात बसायचे. पानात वाढलेलं अर्धं तसंच राहायचं. अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, दिवसांत घरभर सोललेल्या दाण्यांचा वास असायचा. आई अण्णांना आवडते म्हणून त्याची हुळी, आमटीसारखी, करायची, आणि ते तिच्याकडे बघून दोन घास जास्त खायचे, तेवढंच. शेवटच्या दिवशी कारखान्यात काय झालं, हे आम्ही दोघींनी एकदाही विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

काही महिन्यांनी ते मेटगळ्ळीला जायला लागले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका दोस्तानं तिथं शेड घेतली होती, एक जुना लेथ टाकला होता. "सुम्ने नुसतं बसण्यापेक्षा जातो की," अण्णा म्हणाले. पंधरवड्यात माणूस बदलला. संध्याकाळी त्यांच्या अंगाला पुन्हा तेलाचा वास यायला लागला. ताटात दुसऱ्यांदा भात मागायला लागले. एकदा तर न्हाणीघरात गुणगुणताना ऐकलं. आई चुलीपुढं बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदराच्या टोकानं डोळे पुसून घेतले. तिथं ते काय करतात, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. माणूस जेवतो आहे, एवढं आम्हाला पुरेसं होतं.

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात बसले होते. नागराज मेष्ट्रु आले. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. जवळच्या एका खेड्यात ते प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि त्यांच्याकडे निळी डबल होती. या वेळी ते गाडीवर नव्हते, रिक्षातून उतरले. बरोबर त्यांची म्हातारी आई. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊन तिला गाडीवर मागं बसवून ते घरी निघाले होते, आणि रिंग रोडच्या अलीकडं मागचं चाक डुगडुगायला लागलं. नशिबानं त्यांनी गाडी लगेच थांबवली. मेकॅनिकनं चाक काढलं तर ॲक्सल वाकलेला. ॲक्सल म्हणजे ज्या दांड्यावर चाक फिरतं तो.

आईनं म्हातारीला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मेष्ट्रु पिशवीतून ॲक्सल काढून काउंटरवर ठेवत संकोचून म्हणाले, "अम्मा, मी तक्रार करायला नाही आलो. तुमच्याकडून घेतलेलाच नाही. बेंगळूर रस्त्यावरच्या दुकानातून घेतला. ओरिजिनल म्हणून दिला, शिक्का पण आहे, नोडी, बघा. पण ओरिजिनल असा वाकतो काय? तेवढं सांगा."

आईनं ॲक्सल उचलला, डोक्याकडची बाजू उजेडात धरली. तिथं लहानसा त्रिकोण आणि त्यात आकडा होता. कारखान्यात प्रत्येक तपासनिसाचा पंच, म्हणजे शिक्का मारायचा ठसा, वेगळा असायचा. हा आकडा आमच्या घरातला होता. आईचा चेहरा उजळला. "मेष्ट्रे, हा ओरिजिनलच," ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्याच हातचा आहे. गाडीवर कधी जास्त ओझं घातलं होतं काय?"

"आम्ही दोघंच, अम्मा. आई तर एवढीशी आहे."

मी हात पुढं केला. डोळ्यानं नंतर, आधी हातात. वजन ठीक होतं. आटे सुंदर होते, इतके सुंदर की लोकलवाल्याचे असूच शकत नव्हते. मग मी शिक्का बघितला. कारखान्यात आधी लोखंडाला पाणी देऊन ते कडक करायचे, मग तपासायचे, मग पंच मारायचे, आणि सगळ्यात शेवटी प्लेटिंग, म्हणजे वरचा चकचकीत मुलामा. त्यामुळं कडक लोखंडावर पंच जेमतेम उमटलेला असायचा आणि त्याच्या आतही चकाकी असायची. या ॲक्सलवर त्रिकोण खोल बसला होता, आणि त्याच्या आत तांबूस गंजाची बारीक रेघ होती. म्हणजे पंच प्लेटिंगनंतर मारलेला, तोही मऊ लोखंडावर.

मी ॲक्सल आईच्या हातात परत दिला आणि त्रिकोणावर बोट ठेवलं. तिनं गल्ल्याशेजारचं भिंग घेतलं. ती बराच वेळ बघत राहिली. रस्त्यावर हमाल ओरडत होते, शेजारच्या दुकानात मिरच्यांची पोती उतरत होती, म्हातारीला ठसका लागला. शेवटी आई मेष्ट्रुंकडं बघून म्हणाली, "माझी चूक झाली. हा ओरिजिनल नाही. हा घालून पुन्हा गाडीवर बसू नका. उद्या या, मी काहीतरी करते." कुणी केला, हे मेष्ट्रुंनी विचारलं नाही. आईला एवढं अवघडलेलं बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. जाताना म्हातारी आईच्या हनुवटीला हात लावून गेली.

त्या संध्याकाळी आईनं अण्णांना आधी जेवू दिलं. उपाशी माणसाला काही सांगायचं नाही, ही तिची रीत. भात झाला, ताकभात झाला, हात धुऊन ते पाटावर परत बसले, तेव्हा तिनं पदराखालून ॲक्सल काढून त्यांच्यापुढं ठेवला.

अण्णांनी तो ओळखला. हात लावला नाही.

"बेंगळूर रस्त्यावरचा तो दुकानदार म्हणाला, शिक्का असला की लोक डोळे मिटून घेतात," ते म्हणाले. "डबलचा ॲक्सल कुठंच मिळत नाही. गाड्या उभ्या आहेत लोकांच्या. मी मापात केलाय, बघ तू. केसाचा फरक नाही."

"माप मी बघितलं," आई म्हणाली.

"आणि शिक्का काही खोटा नाही. तो माझाच आहे. तिथं मीच मारत होतो, इथं मीच मारला."

"हात तुमचाच आहे, अहो. तपासणी कुठं आहे?"

"मला बोटाला कळतं."

"बोटाला कळत होतं तर कारखान्यात ते कडकपणा बघायचं मशिन कशाला होतं?"

आईचा आवाज चढलेला नव्हता. मी आजही विचार करते, तिनं आरडाओरडा केला असता तर त्यांना तोंड द्यायला सोपं गेलं असतं. ती पुढं म्हणाली, "नागराज मेष्ट्रु आईचं ऑपरेशन करून घेऊन चालले होते. तिला मागं बसवून. पट्टी होती डोळ्यावर." अण्णांनी मान वर केली. "पडले?" "नाही पडले." मग त्यांनी ॲक्सल उचलला, वाकलेल्या जागी अंगठा फिरवला. आई उष्टी ताटं उचलायला लागली. मी मदतीला उठले तेव्हा अण्णा अगदी हळू म्हणाले, "पुट्टी, तुला दिसलं की काय ते?" मी मान हलवली. "मला दिसत नाही आता," ते म्हणाले. "जवळचं दिसत नाही. शिक्का अंदाजानंच मारतो." हे त्यांनी तोवर आईलाही सांगितलं नव्हतं.

सकाळी जाग आली ती पान्ह्याच्या आवाजानं. अण्णा बोळात आमच्या डबलचं मागचं चाक काढत होते. गाडी लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून त्यांनी तिचा ॲक्सल काढला, रॉकेलनं धुतला, मेणकागदात बांधला. मेष्ट्रु आले तेव्हा तो त्यांनी स्वतः हातात दिला. "हा तपासलेला आहे," एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत. त्याच दिवशी शेडमध्ये जाऊन त्यांनी तो पंच ग्राइंडरवर धरला आणि त्रिकोण पुसून सपाट करून टाकला. परत येऊन आईला म्हणाले, "बाकीचे परत आणायला पाहिजेत."

"पुट्टीला न्या," आई म्हणाली. "तिला खूण कळते."

अशी आमची ती भटकंती सुरू झाली. दुकानदारानं कुणाला विकलं ते सांगायला थोडे आढेवेढे घेतले, पण डबलवाले होतेच कितीसे? सुट्टीच्या दिवशी अण्णा आणि मी लाल बसमधून निघायचो. आई डब्यात चित्रान्न आणि दहीभात द्यायची. कुणाच्या अंगणात, कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या सॉ मिलच्या शेडखाली गाडी असायची. अण्णा चाक काढायचे, ॲक्सल माझ्या हातात द्यायचे आणि दुसरीकडं बघत उभे राहायचे. मी त्रिकोणाच्या आत बघायची. काही ठिकाणी तो उथळ असायचा आणि आतून चमकायचा. तो कारखान्यातला, त्यांनी खरोखर तपासलेला. "हा खरा आहे, अण्णा," मी म्हणायची, आणि ते तो पुसून जागेवर बसवताना त्यांच्या हातांत वेगळीच तरतरी यायची. खोल आणि गंजलेला निघाला की मी नुसती मान हलवायची. तो आमच्या पिशवीत जायचा. तोच त्रिकोण, तोच आकडा, मारणारा हातही तोच. त्यांना पुढ्यात उभं ठेवून हे दोन वेगळे करायचं काम माझं होतं, आणि ते मला फार जड गेलं.

मालकांना ते म्हणायचे, "या मालात दोष निघालाय. नवा आणून देतो, तोवर गाडी काढू नका." बहुतेकांनी आभारच मानले. राव साहेब, म्हणजे अण्णा, एवढ्या लांब स्वतः आले म्हणून कुणी शहाळं दिलं, कुणी गूळ बांधून दिला. एक जण चिडला, लग्नाला जायचं होतं, गाडी उभी राहणार म्हणून त्यानं बरंच सुनावलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मला वाटतं, त्या चिडलेल्या माणसाच्या घरून निघताना ते शहाळंवाल्यांच्या घरून निघताना असायचे त्यापेक्षा मोकळे होते. दोष कुणाचा, हे मात्र त्यांनी कुठंच सांगितलं नव्हतं. मी पण सांगितलं नाही.

शेवटचं घर हुणसूरला होतं. गाडीवाला बसवराज म्हणून तंबाखूच्या व्यापारातला, तरुण, हसरा माणूस. दुकानात आला की माझ्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणायचा. दार उघडलं ते त्याच्या बायकोनं, गौरम्मानं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. आत भिंतीवर बसवराजचा फोटो होता आणि फोटोला ताजा हार होता.

अण्णा उंबऱ्यातच थांबले. त्यांचा हात चौकटीवर होता, त्या हाताची बोटं पांढरी पडलेली मला दिसली. मीच विचारलं, "अक्का, काय झालं? कधी?"

"कावीळ झाली," गौरम्मा म्हणाली. "दसऱ्यानंतर पडले ते उठलेच नाहीत."

"गाडीवरून नाही ना?" अण्णांनी विचारलं.

"गाडीवरून कशाला, सार? अंथरुणातच होते. म्हैसूरच्या आस्पत्रीत गेले."

"गाडीला काही झालं नव्हतं?"

तिनं जरा चमकून त्यांच्याकडे बघितलं. "गाडी कधीचीच उभी आहे. ॲक्सल गेला होता तिचा. नवा आणला होता त्यांनी, पण बसवायचा राहिला." आणि ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती मेणकागदाची एक पुडी घेऊन बाहेर आली आणि अण्णांच्या हातात दिली. "बघा, हाच. ओरिजिनल मिळाला म्हणून फार खूश होते. शेवटी शेवटी उशाशी घेऊन झोपायचे. बरा झालो की आधी हा बसवतो, मग तुला मडिकेरीला नेतो म्हणायचे. तुम्ही तिथलेच ना, सार? चांगला आहे ना हा? दीर म्हणतो गाडी विकू या. ओरिजिनल असला तर गाडीबरोबर देता येईल."

अण्णांनी पुडी उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. नवाकोरा होता, गंज नव्हता, पण त्रिकोणाच्या कडेनं प्लेटिंग सोललेलं स्पष्ट दिसत होतं. मी काहीच खूण केली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"अम्मा, हा ओरिजिनल नाही," अण्णा म्हणाले. "हा मी केलाय. शेडमध्ये. वरचा शिक्का मी मारलाय, तो मारायचा मला अधिकार नव्हता. न तपासता मारलाय. तुमच्या यजमानांना मी फसवलं."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर आम्हाला जा म्हणेल. तिनं ॲक्सल त्यांच्या हातातून परत घेतला. उलटसुलट करून बघितला. "हे तुम्ही हातानं केलं?" तिनं विचारलं. अण्णांनी मान हलवली. "सगळं? हे आटे पण?" "आटे पण." तिनं बराच वेळ त्या आट्यांवरून बोट फिरवलं, तिच्या नवऱ्यानं फिरवलं असेल तसं. मग मेणकागदात पुन्हा गुंडाळला. "त्यांना माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत झालं असतं तर रागावले असते. नंतर तुमच्याकडूनच दुसरा करून घेतला असता. हा घेऊन जा, सार, घरात नको. दिराला मी सांगते." आणि थोडं थांबून, "ऊटा करून जा. मुद्दा-सारू झालाय."

आम्ही जेवलो. नाही म्हणायची ताकदच नव्हती. नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, वर हुरुळीचं, कुळथाचं सारू, कच्चा कांदा. अण्णा खाली मान घालून जेवत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. गौरम्मा बघत होती, पण न बघितल्यासारखं करून तिनं त्यांना आणखी सारू वाढलं. निघताना अण्णा म्हणाले, "नवा करून आणतो, कडकपणा तपासून. शिक्का नसेल. विकताना तसंच सांगा." ती मान डोलावून म्हणाली, "सरी."

तो त्यांनी केला. सगळ्यांचेच केले. एका तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये ओळख काढून प्रत्येकाला पाणी दिलं, प्रत्येक तपासून घेतला, आणि डोकं कोरं ठेवलं. पुढं पुष्कळ वर्षं ते असे कोरे पार्ट करत राहिले, आईच्या दुकानात ते वेगळ्या फळीवर असायचे आणि ती गिऱ्हाइकाला सांगायची, "हे आमच्या घरचं." पण ती पुढची गोष्ट. मला सांगायचं आहे ते हुणसूरहून परत येतानाचं.

बसला गर्दी नव्हती. अण्णा खिडकीशी, मी शेजारी, पिशवी पायाशी. बाहेर तंबाखूची शेतं, भट्ट्यांची उंच घरं. बिळिकेरे मागं पडलं आणि अण्णा एकदम बोलायला लागले. कुणी काही विचारलं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर ट्रे होता बघ. डबलच्याच ॲक्सलचा. स्पेअरसाठी केलेले, शेवटची लॉट. अर्धे तपासून झाले होते. भोंगा झाला, सगळे उठले. मी म्हटलं, एवढे संपवतो. तर आमचा सुपरवायझर आला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, रावरे, आता कुणासाठी? बत्ती बंद करायचीय. तो पण रडत होता. मी उठलो. पंच खिशातच राहिला. चोरला नाही ग मी. गेटबाहेर आल्यावर हाताला लागला."

"मग परत का दिला नाही?"

"कुणाला देणार?"

बस खड्ड्यातून गेली, पिशवीतले ॲक्सल एकमेकांवर आपटले. अण्णांनी ती पायांच्या मध्ये घट्ट धरली.

"ते उरलेले ट्रेमध्ये तसेच राहिले," ते म्हणाले. "चांगले होते ते."

पुढच्या थांब्यावर एक बाई टोपल्या घेऊन चढली, कंडक्टरनं तिला मागं जागा करून दिली, बस पुन्हा निघाली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

"नाही," ते थोड्या वेळानं म्हणाले. "तसं म्हणता येणार नाही. ते बघितलेच नव्हते मी."